ग्वाल्हेरचा हिवाळा, गावाकडचा रस्ता आणि हायब्रिड गाडीची निवड

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता आणि चिनोरच्या पुढे एका गावातल्या शाळेत शिकवता. एका वेळचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. त्यातले सात-आठ किलोमीटर शहरातले आणि उरलेले गावांमधून, शेतांच्या कडेने व कालव्यांच्या पुलांवरून जाणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्याचे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुक्यात निघावे लागते आणि परतताना बहुधा अंधार पडतो. जुनी पेट्रोल गाडी काढून वीस लाखांच्या आत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही असलेली गाडी, घ्यावी असा विचार आहे. परंतु परदेशांतील सल्ले वाचून ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी रचना, लागेल का, हिवाळी टायर लागतील का, थंडीत बॅटरी कमी पडेल का आणि हीटर लावल्यावर मायलेजचे काय होईल, अशा शंका आपल्या मनात आल्या आहेत. रविवारी आईवडिलांनाही त्याच गाडीतून न्यायचे असते.

माझे मत आधीच सांगतो. या रस्त्यासाठी हायब्रिड योग्य आहे, पण ती स्ट्रॉंग हायब्रिडच असावी. ऑल व्हील ड्राइव्हच्या मागे लागू नये. गाडी पसंत करताना थंडीची चिंता थोडी कमी आणि धुक्याची पुष्कळ जास्त करावी. परदेशांतील सल्ले बर्फ आणि शून्याखालचे तापमान गृहीत धरून दिलेले असतात. आपल्याकडे थंडीच्या लाटेत पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो खरा, पण रस्त्यावर बर्फ साचत नाही आणि दुपारी वीस-बावीस अंशांचे ऊन असते. इथल्या हिवाळ्यात जे अपघात होतात ते समोरचे न दिसल्यामुळे होतात, चाके जागच्या जागी फिरल्यामुळे क्वचितच. वर्कशॉपमध्ये जानेवारीत येणाऱ्या गाड्या पाहिल्या की पुढचा बंपर, बॉनेट आणि रेडिएटर यांचेच काम अधिक निघते. उभ्या ट्रॉलीवर किंवा रस्त्यावर आलेल्या नीलगाईवर गाडी गेलेली असते.

आता हायब्रिडच्या प्रकारांविषयी, कारण शोरूममध्ये या एकाच शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. मारुतीच्या अनेक पेट्रोल गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे नाव असते. त्यांत स्टार्टर आणि अल्टरनेटर यांचे काम करणारे एकच यंत्र इंजिनाला पट्ट्याने जोडलेले असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, पुन्हा हलकेच सुरू करणे आणि वेग घेताना थोडा हातभार लावणे एवढेच ते करते. अशी गाडी केवळ विजेवर एक किलोमीटरही चालत नाही. हिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. ती वाईट नाही, पण तिला पेट्रोल गाडी समजूनच विकत घ्यावे. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये चाके फिरवू शकेल इतकी मोठी मोटर आणि तिला पुरेल अशी शंभराहून अधिक व्होल्टची बॅटरी असते. गाडी कमी वेगात इंजिन बंद ठेवून चालते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेते. बाहेरून प्लग लावून चार्ज करण्याची सोय तिला नसते आणि गरजही नसते.

आपल्या रस्त्याचा स्वभाव या दुसऱ्या प्रकाराला अगदी मानवणारा आहे. महामार्गावर एकसारख्या नव्वद-शंभरच्या वेगाने जाणाऱ्याला हायब्रिडचा फायदा सर्वांत कमी मिळतो, कारण तिथे ब्रेक फारसे लागत नाहीत आणि इंजिन सतत चालूच राहते. गावाकडच्या रस्त्यावर मात्र प्रत्येक वस्तीला दोन-तीन गतिरोधक, मध्येच म्हशींचा कळप, पुढे धानाची किंवा भुशाची ट्रॉली, मग मोकळा पट्टा आणि पुन्हा गतिरोधक असा क्रम चालतो. अशा ठिकाणी साधी पेट्रोल गाडी प्रत्येक गतिरोधकाला थोडे इंधन ब्रेकच्या उष्णतेत घालवते, तर हायब्रिड त्यातला बराच भाग साठवून ठेवते आणि पुढच्या शंभर-दोनशे मीटरसाठी वापरते. धुक्यात वेग तीस-चाळीसवर आला की हा फायदा आणखी वाढतो.

थंडीचा परिणाम कुठे होतो हे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘हिवाळ्यात हायब्रिडने मायलेज सोडले’ ही तक्रार आमच्याकडे दरवर्षी येते आणि बहुतेक वेळा गाडीत दोष काहीच नसतो. या गाड्यांत केबिन गरम करण्याची उष्णता मुख्यतः कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून येते. इंजिन बंद असले की कूलंट थंड होऊ लागते, आणि हीटर लावलेला असेल तर गाडी केवळ ऊब देण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करते. शिवाय सकाळी इंजिन आणि धुरातील विषारी घटक निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम होईपर्यंत, बॅटरी भरलेली असली तरी, इंजिन चालू राहते. म्हणजे पहिली पाच-दहा मिनिटे हायब्रिड जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखीच वागते. थंड बॅटरी चार्ज थोडा सावकाश स्वीकारते, त्यामुळे ब्रेकमधून मिळणारी ऊर्जाही सुरुवातीला कमी असते.

यावरून निघणारा निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे. ज्याचा रोजचा प्रवास लष्करातून मुरारपर्यंत किंवा ठाटीपूरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच-सात किलोमीटर आहे, त्याची गाडी हिवाळ्यात इंजिन गरम होतेय न होतेय तोच मुक्कामाला पोहोचते आणि हायब्रिडसाठी दिलेल्या जादा पैशांचा मोबदला त्याला उन्हाळ्यापर्यंत मिळत नाही. आपला प्रवास एका वेळी चाळीस किलोमीटरचा आहे. इंजिन गरम होण्याचा काळ त्यात पहिल्या काही किलोमीटरांतच संपतो आणि उरलेला बहुतेक रस्ता गाडी तिच्या खऱ्या गुणावर चालते. गाडी सुरू करून दहा मिनिटे उभी ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडावी. अर्ध्या-एका मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पायाला आवर घालून चालवावे; इंजिन चालत्या गाडीत लवकर गरम होते.

हिवाळ्यात मायलेज कमी होण्याची आणखी दोन कारणे आहेत आणि ती सर्वच गाड्यांना लागू पडतात. पाच अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्के घट्ट असते, त्यामुळे वेगात असताना तिचा विरोध तितक्याच प्रमाणात वाढतो. आणि टायरमधील हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो. दुपारी पस्तीस अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा पाच अंशांच्या पहाटे २७-२८ पीएसआयच राहते, टायरला कुठेही गळती नसताना. दसऱ्याच्या सुमारास भरलेल्या हवेवर जानेवारी काढणारे लोक कमी नाहीत. डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना आणि घराजवळच्या पंपावरच हवा तपासावी.

कंपनीच्या कागदावरील मायलेजचा आकडा आपल्या हिशेबात धरू नये. तो प्रयोगशाळेत, २० ते ३० अंश तापमानात, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटरच्या ठरावीक चक्रावर मोजलेला असतो. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्रॉंग हायब्रिडसाठी तो लिटरमागे २७.९७ किलोमीटर सांगितला गेला. आपल्या रस्त्यावर, हिवाळ्यात, हीटर लावून वीस-एकवीस मिळाले तर गाडी उत्तम चालली आहे असे समजावे. याच आकाराच्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीला तिथे तेरा-चौदा मिळतील. आपला वर्षाचा प्रवास वीस हजार किलोमीटर धरला, हायब्रिडला एकवीस आणि पेट्रोलला चौदा धरले, तर वर्षाला सुमारे पावणेपाचशे लिटर पेट्रोल वाचते. लिटरला एकशे सहा रुपये या भावाने ही रक्कम पन्नास हजारांच्या आसपास जाते. दोन गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला पाच वर्षे लागतील. आपण गाडी आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर हा व्यवहार पटण्यासारखा आहे. तीन-चार वर्षांनी बदलणार असाल तर नाही. करात सवलत मिळेल या आशेवर मात्र राहू नये. सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीवर असतो तितकाच.

बॅटरीविषयीची भीती या हवामानात निराधार आहे. या गाड्यांच्या बॅटऱ्या अतिथंड देशांतही वर्षानुवर्षे चालतात. ग्वाल्हेरच्या तीन-चार अंशांनी त्यांना इजा होत नाही. आपल्याकडे त्यांचा खरा शत्रू मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आहे, त्यामुळे गाडी शाळेत सावलीत उभी करण्याची सोय आहे का, याचा विचार हिवाळ्याच्या बॅटरीपेक्षा अधिक करावा. टोयोटा, मारुती आणि होंडा हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात.

हिवाळ्यात दगा देते ती साधी बारा व्होल्टची बॅटरी. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, ते काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. परंतु गाडीचे संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग खुला करणे तिच्याच हाती असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा लागत नाही आणि गाडी हलत नाही. धक्का मारूनही ती सुरू होत नाही, कारण तशी रचनाच नसते. साध्या गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ रडत फिरतो आणि आधी सूचना मिळते. इथे तशी सूचना मिळत नाही. म्हणून तीन वर्षांनंतर दर ऑक्टोबरात तिची तपासणी करून घ्यावी. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मध्ये एकदा वीस मिनिटे ‘रेडी’ स्थितीत ठेवावी. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी, विशेषतः ट्रॅक्टर किंवा डिझेल जीप, केबल लावून सुरू करून देण्याचा मोह टाळावा. पुस्तिकेत तसे बहुधा स्पष्ट बजावलेले असते. गावात ही मागणी होतेच आणि गुरुजींना नाही म्हणणे जड जाते, याची मला कल्पना आहे.

ऑल व्हील ड्राइव्हबद्दल सांगायचे तर आपल्या किमतीत स्ट्रॉंग हायब्रिड आणि ऑल व्हील ड्राइव्ह या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हायरायडर, ग्रँड विटारा आणि मारुतीचीच व्हिक्टोरिस यांत ऑल व्हील ड्राइव्ह मिळते ती माइल्ड हायब्रिड पेट्रोल इंजिनाबरोबर. चारही चाकांना मिळणारा जोर गाडी जागेवरून हलवताना आणि चढावर उपयोगी पडतो. ब्रेक लावून थांबताना त्याचा काही उपयोग होत नाही, आणि धुक्यात प्रश्न थांबण्याचाच असतो. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडल्यावर ट्रॉलीला वाट देण्यासाठी चाके साइडपट्टीच्या चिखलात उतरवावी लागतात, ही एकच परिस्थिती अशी आहे की जिथे आपल्याला त्याची उणीव भासेल. तिथेही चांगल्या टायरवरची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सावकाश चालवली तर बाहेर येते. आपली शाळा डांबरी रस्त्यापासून एक-दोन किलोमीटर कच्च्या काळ्या मातीच्या वाटेने आत असती, तर मात्र मी उलट सल्ला दिला असता.

हिवाळी टायर घेऊ नयेत. त्यांचे रबर सात अंशांखालच्या सततच्या थंडीसाठी मऊ केलेले असते. आपल्या दुपारच्या उन्हात ते भराभर झिजेल, आणि इथल्या दुकानांत ते मिळतही नाहीत. कंपनीने दिलेले टायरच वापरावेत, पण कायद्याच्या १.६ मिलीमीटरपर्यंत खाच झिजण्याची वाट न पाहता ती तीन मिलीमीटरवर आली की बदलावेत, आणि शक्य असल्यास पावसाळ्यापूर्वी बदलावेत म्हणजे हिवाळ्यातही टायर ताजे मिळतात. ज्या गाडीत सुटे चाक नसून फक्त पंक्चर दुरुस्तीचे किट दिले आहे, ती गाडी या रस्त्यासाठी घेताना दोनदा विचार करावा. कालव्याच्या पुलाच्या तुटक्या कठड्याने टायरची बाजू फाडली तर किटचा काही उपयोग होत नाही.

आता धुके. या एका विषयावर आपण गाडी पाहताना सर्वाधिक वेळ घालवावा अशी माझी विनंती आहे, कारण शोरूममधील विक्रेता त्याबद्दल स्वतःहून काही बोलत नाही. चिनोर-भितरवारचा पट्टा हरसी कालव्याच्या पाण्यावरचा आहे. ओलिताखालची गव्हाची शेते, भरलेले कालवे आणि वारा पडलेली रात्र असे जुळून आले की शहरात विरळ असलेले धुके तिथे दाट होते, आणि एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत अचानक दाटते व विरते. म्हणून पहिली तपासणी दिव्यांची. पुढचे फॉग लॅम्प आपण घेत असलेल्या व्हेरिएंटमध्ये आहेत का, ते बंपरमध्ये पुरेसे खाली आहेत का, आणि मागचा लाल फॉग लॅम्प आहे का, हे प्रत्यक्ष लावून पाहावे. माहितीपत्रकावर विसंबू नये. फॉग लॅम्प नसतील तर खाली बसवलेले पिवळे दिवे अधिकृत ॲक्सेसरी म्हणून कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये बसवून घ्यावेत. बाजारातल्या कारागिराकडून हायब्रिडच्या वायरिंगला हात लावून घेऊ नये, वॉरंटीचा वाद उभा राहतो. दाट धुक्यात हाय बीम लावणे म्हणजे पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारण्यासारखे आहे. लो बीम आणि फॉग लॅम्पच वापरावेत. एलईडी दिव्यांच्या काचा फारशा तापत नाहीत, त्यामुळे त्यांवर बसलेला चिखल आणि दव आपोआप वाळत नाही. निघण्यापूर्वी पुढच्या व मागच्या दिव्यांवरून ओले फडके फिरवण्याची सवय लावून घ्यावी.

दिव्यांबाबत एक धोका नव्या गाड्यांत वाढला आहे. दिवसा लागणारे पुढचे डीआरएल दिवे गाडी सुरू करताच लागतात, समोरचा डिजिटल मीटर तर सदैव उजळलेला असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते की आपले दिवे चालू आहेत. प्रत्यक्षात हेडलॅम्पचा खटका फिरवला नसेल तर अनेक गाड्यांचे मागचे दिवे बंदच असतात. ‘ऑटो’वर ठेवले तरी भरवसा नाही, सकाळी आठच्या धुक्यात उजेड पुरेसा असतो आणि उजेडावर चालणारा सेन्सर दिवे लावत नाही. मागून येणाऱ्या बसला आपण दिसतच नाही. धुक्यात खटका हाताने फिरवावा, आणि टेस्ट ड्राइव्हच्या वेळी कुणाला तरी गाडीमागे उभे करून कोणत्या स्थितीत कोणते दिवे लागतात ते पाहून घ्यावे.

असाच प्रकार ब्रेकच्या दिव्यांचा. बहुतेक स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये ‘बी’ मोड किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटरचे, ऊर्जा परत घेणारे ब्रेकिंग वाढवण्याची सोय असते. ॲक्सिलरेटर सोडताच गाडी लक्षणीय मंदावते. पण सौम्य मंदावताना मागचे ब्रेक लाइट लागतीलच असे नाही. धुक्यात मागचा चालक केवळ आपल्या लाल दिव्यांवर अवलंबून असतो, म्हणून तिथे साध्या ‘डी’ मोडमध्ये चालवावे आणि वेग कमी करताना पेडलवर हलका पाय ठेवावा. ओल्या खडीवरून किंवा खड्ड्यावरून जाताना ब्रेक लावला तर क्षणभर गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. चाक घसरते आहे असे दिसताच मोटरचे ब्रेकिंग काढून घेतले जाते आणि साधा ब्रेक त्याची जागा घेतो, तो हा क्षण असतो. दोष नाही, पण पहिल्यांदा अनुभवणारा दचकतो. तो अनुभव टेस्ट ड्राइव्हमध्येच घेतलेला बरा.

एडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी जादा पैसे मोजू नयेत, निदान धुक्यासाठी तरी नाही. होंडा सिटीतील यंत्रणा काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालते आणि जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. दाट धुक्यात ती यंत्रणा बंद पडल्याचा संदेश देते. रडार असलेल्या गाड्यांत थोडा फरक पडतो, पण रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उभी असताना केवळ यंत्रावर विसंबावे असे मी कोणालाही सांगणार नाही.

धुक्याशी जोडलेली दुसरी बाब म्हणजे आतून धूसर होणारी काच. काचेवरचे बाष्प काढण्याचा उपाय म्हणजे एसी आणि हीटर एकत्र लावणे: एसी हवा कोरडी करतो, हीटर काच गरम करतो. स्ट्रॉंग हायब्रिडमधील एसीचा कंप्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही हवा कोरडी होत राहते. माइल्ड हायब्रिडमध्ये कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर असतो आणि फाटकावर इंजिन बंद झाले की थांबतो. ही बाब कोणत्याही जाहिरातीत नसते, तरी रोजच्या वापरात मोठी आहे. चार माणसे आणि ओल्या शाली असलेल्या गाडीत ‘इको’ मोड लावू नये, तो हीटर आणि एसी दोन्हींना आखडते घेतो. या किमतीत आपल्याकडे थंड हवा देणाऱ्या सीट मिळतात, गरम करणाऱ्या बहुधा मिळत नाहीत. उत्तर भारतातल्या ग्राहकाला कंपन्यांनी कधी विचारले असते तर निराळे झाले असते.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे. वीस लाखांच्या आत आपल्यासमोर मुख्यतः दोन पर्याय उरतात. पहिला टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिस यांचा. तिन्हींमध्ये दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि टोयोटाची तीच हायब्रिड रचना आहे. इंजिन व मोटर यांचा जोर ग्रहमाला पद्धतीच्या गिअरमधून एकत्र होतो. त्यात पट्टा नाही, क्लच नाही, वेगळा स्टार्टर किंवा अल्टरनेटर नाही, म्हणजे बिघडण्यासारखे भागच कमी. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, २१० मिलीमीटर आहे आणि आपल्या गतिरोधकांना तो पुरून उरतो. तक्रारी दोन आहेत: थंड सकाळी तीन सिलिंडरचा खडखडाट आत जाणवतो, आणि बॅटरीमुळे डिकी लहान झाली आहे. वडिलांची व्हीलचेअर किंवा वॉकर न्यायचा असेल तर तो सोबत घेऊन जाऊनच डिकी पाहावी.

दुसरा पर्याय होंडा सिटी ई:एचईव्ही. २०२२ मध्ये आलेल्या या गाडीची रचना निराळी आहे. कमी वेगात मोटरच चाके फिरवते आणि इंजिन फक्त वीज तयार करते. वेग वाढला की एका क्लचने इंजिन थेट चाकांना जोडले जाते. त्यामुळे एकसारख्या वेगाच्या महामार्गावर ती फार काटकसरी ठरते. चार सिलिंडरचे इंजिन शांत आहे आणि बसायला ती या सर्वांत आरामशीर आहे. आपण डबऱ्याला जात असता, म्हणजे सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४ चा असता, तर मी तिचेच नाव घेतले असते. चिनोरच्या रस्त्यासाठी तिचा १६५ मिलीमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आड येतो. मागे तीन माणसे बसली की गावांतले हाताने रचलेले गतिरोधक तिच्या पोटाला लागतील, आणि ट्रॉलीसाठी डांबरावरून खाली उतरताना तुटलेली कडा लागेल. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना उंच सीटवर बसणे-उतरणेही सोपे जाते. म्हणून आपल्यासाठी माझी पसंती पहिल्या गटाला. त्या तिघींत कोणती, हे नावापेक्षा आपल्या घराजवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हायब्रिडचे काम जाणणारा तंत्रज्ञ आणि तपासणीचे उपकरण आहे का, यावर ठरवावे. इनोव्हा हायक्रॉस आपल्या किमतीबाहेर आहे आणि त्या अरुंद रस्त्यावर इतक्या रुंद गाडीची गरजही नाही.

विजेच्या गाडीचा विचार आपण मनातून काढून टाकला असेल तर तो लष्करातल्या गल्लीतल्या पार्किंगमुळे असेल, असे धरतो. घरात स्वतःचा चार्जिंग पॉइंट बसवता येत असेल, तर रोजच्या ऐंशी किलोमीटरला ती प्रतिकिलोमीटर स्वस्त पडते, तिच्यावर जीएसटीही ५ टक्केच आहे आणि हिवाळ्यात रेंज घटली तरी एवढे अंतर ती सहज काढते. गल्लीत तारा ओढून चार्ज करणे मात्र नको. सीएनजीही हायब्रिडपेक्षा स्वस्त पडेल. फक्त वाटेत पंप आणि पंपावरची रांग आपल्या वेळेत बसते का ते पाहावे.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी, सिटी सेंटरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे इंजिन खरोखर थंड असेल. चार जण बसवावेत, हीटर लावावा, पडेल तेवढा खराब रस्ता निवडावा आणि काच साफ व्हायला किती मिनिटे लागतात, ऊब किती वेळाने येते, इंजिन सुरू होताना कंप कितपत जाणवतो हे पाहावे. पंधरा मिनिटांची फेरी त्याला पुरत नाही. निदान पाऊण तास मागावा, आणि विक्रेता कुरकुरला तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे.

गाडी घरी आल्यावर चार गोष्टी सांभाळाव्यात. मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच जाते आणि तिची जाळी बहुधा मागच्या सीटजवळ असते. हिवाळ्यात तिथे रजई, शाली किंवा वह्यांचे गठ्ठे ठेवले की ती झाकली जाते. आपल्या रस्त्याची धूळ पाहता जाळीमागचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसला साफ करायला आठवणीने सांगावे. हायब्रिडमध्ये साधे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे दमट हवेत डिस्कवर गंज धरतो. सकाळचा खरखर आवाज पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये गेला तर काळजी नाही, राहिला तर दाखवावे. थंडीत उंदीर गरम बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात; जाड नारिंगी वायर खराब झालेली दिसली तर तिला हात न लावता गाडी बंद करून सर्व्हिस सेंटरला कळवावे, कारण तिच्यात घातक दाबाची वीज असते. आणि वाड्याच्या बंद पडवीत गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवून कधीही उतरू नये. इंजिन बंद आहे असे वाटते, पण बॅटरी उतरली किंवा हीटरला उष्णता लागली की ते आपोआप सुरू होते आणि बंद जागेत धूर साचतो. आवाज नाही म्हणून गाडी चालूच राहून गेली, असे घरोघरी होते. किल्ली खिशात टाकण्यापूर्वी मीटरवरचा ‘रेडी’ दिवा विझला आहे ना, तेवढे पाहावे.